तारेचे वरचे वेढे

१

धाकटीचं एक ठाम म्हणणं होतं. जगात वस्तूंची टंचाई नसते, नजरेची असते. इतर चित्रकार सामान आणायला रंगांच्या दुकानात जात. ही जायची गोदामात.

तिची चित्रं रंगांनी कमी आणि वस्तूंनी जास्त भरलेली असत. प्लायवुडची फळी घ्यायची आणि तिच्यावर जुन्या कापडाचे तुकडे, बटणं, घड्याळाची चाकं, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या, फुटक्या बशांचे तुकडे असं लावत जायचं. बघणारा आधी दुरून बघे आणि मग जवळ येऊन "अरेच्चा, ही तर किल्ली!" म्हणे. त्या 'अरेच्चा'वर तिचं नाव झालं होतं आणि आता तर मोठ्या प्रदर्शनासाठी सबंध भिंत तिला मिळाली होती. तिची थोरली बहीण या सगळ्याला 'कचऱ्याला चौकट' म्हणायची. पण चित्र पुरं झालं, की पहिली शेजाऱ्यांना बोलवायलाही तीच धावायची.

गोदामवाले काका लोकांची घरं रिकामी करून देत. माणूस गेलं, मुलं दूरदेशी गेली, घर विकलं, की यांना बोलावणं. कपाटं एकीकडे जात, भांडी दुसरीकडे. शेवटी उरे ते खणातलं. त्याला कोणी विचारत नसे. काका ते एका खोक्यात भरत आणि खोका गोदामाच्या मागच्या भिंतीला लावून ठेवत. एका घराचा एक खोका. दोन घरं ते कधी एकत्र करत नसत, आणि धाकटीला त्यांची हीच रीत आवडायची. एका घरातल्या वस्तूंचे रंग एकमेकांना ओळखतात, असं तिचं मत होतं.

"काका, नवीन काय आलंय?"

"तुम्हाला कधी दाखवावं लागलंय का? घुसा."

ती घुसली. त्या दिवशी खिडकीतून ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत आलं होतं. एक खोका सुतळीनं नीट बांधलेला होता आणि सुतळीची गाठ सुटायला सोपी अशी मारलेली होती. खणातल्या वस्तूंना सहसा एक कोंदट वास असतो. याला नव्हता. आत सगळं धुतलेलं, पुसलेलं, बारीकसारीक वस्तू कापडी पिशव्यांमध्ये घालून ठेवलेल्या. निळं, गंजकं तांबडं, मळकट पिवळं, म्हणजे तिचेच रंग. तिनं मनात त्या अनोळखी घराला शाबासकी दिली. काय पण चोखंदळ माणसं!

"हा खोका माझा," ती म्हणाली, आणि किमतीवरून नेहमीची कुरकुर न करता उचलून चालू लागली.

२

दोघी बहिणी एका लहानशा घरात राहत. आई लवकर गेली आणि धाकटीला ताईनंच वाढवलं. ताईनं आयुष्यभर कचेरीत आकडेमोड केली. डोकं तल्लख, पण हात म्हणजे नुसते शोभेचे. सुईत दोरा ओवायचा तर धाकटीला हाक, डब्याचं झाकण बसत नाही तर धाकटीला हाक. लहानपणापासून दिसेल ते ओढून घरी आणते म्हणून ताई तिला मुंगी म्हणायची.

"आणलंस का आणखी एक खोकं? मुंगे, एक दिवस मी बाहेर आणि तुझी खोकी आत, असं होणार आहे."

"होऊ दे. खोकी तुझ्यासारखी बडबड तरी करत नाहीत."

बाहेरच्या खोलीतच धाकटीचं कामाचं टेबल होतं. समोरच्या भिंतीवर तिची जुनी चित्रं आणि मधोमध नवी मोठी फळी. तिनं खोका उघडून सगळं मांडलं. कपाच्या कडेचा एक फुटका तुकडा निघाला, निळा, त्यावर एक इवलंसं पान. पान पाहताच तिला फळीवरची त्याची जागा दिसली. हात शिवशिवत असताना ती थांबणाऱ्यातली नव्हती. गोंद लावून तुकडा बसवूनही टाकला.

मग एक चष्मा निघाला. चौकट मुळात तपकिरी असावी, आता पार विटून मधासारखी झाली होती. काचा जाड आणि ओरखडलेल्या. एक काडी बिजागरीपाशी मोडलेली आणि तांब्याच्या तारेनं बांधलेली. तिनं ती बांधणी उजेडात धरली आणि तिच्यातला कारागीर जागा झाला. तारेचे दोन थर होते. खालचे वेढे एकाला एक चिकटून बसलेले, टोक वेढ्यांखाली दडवलेलं. वाहवा! पण पुढं कधीतरी ते सैल झाले असणार, कारण त्यावर दुसऱ्याच कोणीतरी उलट्या बाजूनं तार गुंडाळली होती. वेडीवाकडी, ढिली, आणि टोक तसंच बाहेर राहिलेलं.

"काय ही बांधणी!" ती चिडून म्हणाली. "कानाला टोचत असणार बिचाऱ्याच्या."

"कोणाच्या?" ताईनं वर्तमानपत्रातून डोकं काढलं.

"काही नाही गं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा कारभार आहे एकेकाचा."

तिनं चष्मा बाजूला ठेवला. काचांसाठी तो उपयोगी पडणार होता.

३

ताईचा चहाचा कप निळा होता, कडेला पानांची नक्षी असलेला. हे धाकटीला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. असे कप बाजारात ढिगानं मिळत होते, तेव्हा खोक्यातला तुकडा तशाच एखाद्या कपाचा असणार. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

मग एका सकाळी ताईच्या हातून कप निसटला.

"गेला माझा कप!" ताई हळहळली. "कचेरी सोडली तेव्हाचा होता गं."

"रडू नकोस, जोडून देते. तुझी बहीण कोण आहे?"

धाकटीनं तुकडे गोळा केले आणि टेबलावर कप पुन्हा उभा केला. सगळं जमलं, पण कडेची एक खाच तेवढी उरली. तिनं ओटा पाहिला, फरशी झाडली, ओणवं होऊन कपाटाखाली हात घातला, केरसुणीची काडी अन् काडी पाहिली. तो तुकडा घरात नव्हता. ती उठून उभी राहिली, आणि तिची नजर आपोआप भिंतीवरच्या फळीकडे गेली.

स्वयंपाकघरात ताई भांडी लावत होती. त्या आवाजाच्या आडून धाकटीनं फळीवरचा तुकडा पातळ पात्यानं सोडवला. मागं वाळलेला गोंद तसाच होता. तिनं तो कपाच्या खाचेत धरला. तो बसला. पानाचा अर्धा देठ कपावर होता, उरलेला अर्धा तुकड्यावर.

तिनं खुर्ची ओढली आणि बसून विचार केला. ती घाबरट नव्हती, आणि तिच्या डोक्यावर तिचा फार भरवसा होता. एकाच साच्यातले कप एकाच जागी कच्चे राहत असतील. मग एकाच जागी फुटतील. यात अशक्य काय आहे? तिनं स्वतःला दोनदा ही गोष्ट समजावली आणि दोन्ही वेळा तिला ती पटली. मग तिनं कप जोडला, त्याच तुकड्यासकट, आणि फळीवरच्या मोकळ्या जागेवर एक बटण लावलं.

"सापडला का गं तुकडा?" ताईनं विचारलं.

"सापडला."

"कुठं होता?"

"इथंच होता," धाकटी म्हणाली. खोटं तर ती बोलली नव्हती.

४

त्याच आठवड्यात ताई चष्म्यावर बसली. खुर्चीवर चष्मा, चष्म्यावर ताई, आणि काडकन आवाज.

"मुंगे!"

"आले. उठ आधी त्याच्यावरून, त्याला श्वास तरी घेऊ दे."

तपकिरी चौकटीची काडी बिजागरीपाशी मोडली होती. धाकटीनं पक्कड घेतली, तांब्याची तार घेतली. असली कामं ती डोळे मिटून करायची. ती डावखुरी होती, म्हणून तिची तार सगळ्यांच्या उलट दिशेनं फिरे. एकाला एक चिकटवत वेढे घालायचे, शेवटी टोक वळवून वेढ्यांखाली दडवायचं, म्हणजे कानाला टोचत नाही. ताईच्या तोंडातून "सुटत तर नाही ना?" निघेपर्यंत काम संपलंही होतं.

धाकटीनं चष्मा उजेडात धरला आणि तिचा हात तिथंच थांबला.

ही बांधणी तिनं पाहिली होती. हिला तिनं वाहवा म्हटलं होतं.

तिनं खोक्यातला चष्मा काढून शेजारी ठेवला. एक तपकिरी, एक मधाच्या रंगाचा. तिनं वरची ढिली तार पक्कडीच्या टोकानं जराशी सरकवून खालचे वेढे पाहिले. तेच होते, उलट्या दिशेचे. शेवटच्या वेढ्याला पक्कड घसरून एक ओरखडा पडला होता. तिनं आत्ताच बांधलेल्या तारेकडे पाहिलं. ओरखडा तिथंही होता, कारण पक्कड खरंच घसरली होती.

आता कपासारखं स्वतःला समजावता येईना. कप साच्यातून निघतात. तिचा हात कुठल्या साच्यातून निघाला नव्हता.

एकेक करून तिनं खोका पुन्हा पाहिला, आणि या वेळी ओळखत ओळखत पाहिला. पिवळं कापड म्हणजे ताईची आवडती ओढणी, पण झिजून जाळी झालेली. ती खरी ओढणी या घडीला बाहेर दोरीवर वाळत होती. किल्ली म्हणजे याच घराच्या दाराची. चोखंदळ माणसं! खोका भरून स्वतःचंच घर समोर मांडलं होतं आणि तिला, नजरेचा एवढा टेंभा मिरवणारीला, ते दिसलं नव्हतं.

काकांकडे खोका येतो तो घर रिकामं झालं की. घर रिकामं होतं ते माणूस गेलं की. आणि खोक्यातला चष्मा ताईचा होता.

ताईशिवाय हे घर, हा विचार तिनं आजवर कधी पुरता केलाच नव्हता. ताई आत काहीतरी गुणगुणत होती, बेसूर, नेहमीसारखी, आणि धाकटी त्या बेसूर आवाजाला कान लावून उभी राहिली.

मग ती एकदम हलली. हातावर हात ठेवून बसणं तिच्या रक्तात नव्हतं. नमुना आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवायची ही कारागिरांची जुनी सवय असते. त्या सवयीनं दोन्ही चष्मे टेबलावर जवळ जवळ ठेवून ती पायात चपला सरकवत बाहेर पडली.

५

"काका, तो खोका कोणाच्या घरचा?"

काका एका आरशाची चौकट पुसत होते. "कुठला?"

"सुतळीनं बांधलेला. स्वच्छ."

"हां, तो! त्याचं घर मी रिकामं नाही केलं. एक आजी स्वतः घेऊन आल्या होत्या."

"आजी?"

"चांगल्याच म्हाताऱ्या. कमरेत वाकलेल्या. एकट्याच होत्या. मी म्हटलं, आजी, खोका मला द्यायचा, तुम्ही कशाला उचललात? तर म्हणाल्या, हातानं आवरलंय, हातानंच देते. आणि बजावून गेल्या, हे भंगारात घालू नका, वस्तूंची कदर असलेल्या कोणाला तरी द्या." काकांनी फडकं झटकलं. "का हो? काही खराब निघालं का?"

"नाही, नाही! झकास आहे सगळं."

ती गोदामाबाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. चांगल्याच म्हाताऱ्या! कमरेत वाकलेल्या! ताईचे तर अजून अर्धे केसही पिकले नव्हते. म्हणजे ताई जगणार होती, चांगली भरपूर जगणार होती, वाकेपर्यंत, चौकटीचा रंग मधासारखा होईपर्यंत. हे कसं घडतंय, वेळ कुठून कशी गळतेय, ते धाकटीला कळत नव्हतं आणि त्याची तिला पर्वाही नव्हती. ज्याचा शेवट गोड, त्याच्या मधल्या पानांशी तिला काय करायचं होतं?

वाटेत तिनं ताईसाठी फुलं घेतली. काका 'एकट्याच' असा आणखी एक शब्द बोलले होते, तो तिनं ऐकला होता, पण आनंदाच्या भरात तो तिच्याबरोबर घरी आला नाही.

६

दार उघडंच होतं. ताई बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी होती, पाठमोरी, हातात वर्तमानपत्र.

"ताई, बघ काय आणलंय!"

ताई वळली नाही. "मुंगे," ती म्हणाली, "सामान कुठं हलवलंस सगळं?"

"कुठलं सामान?"

"तुझं टेबल. तुझी चित्रं. भिंत उघडीबोडकी दिसतेय. नुसते खिळे राहिलेत." ताईचा आवाज सावध होता, जिन्यावर अंधारात पाय टाकताना माणूस बोलतं तसा. "रंगसुद्धा कसा विटलाय गं भिंतीचा. चित्रांच्या जागा तेवढ्या उजळ राहिल्यात."

टेबल होतं तिथंच होतं. चित्रं होती तिथंच होती. नवी फळी मधोमध होती आणि तिच्यावर नवं बटण चमकत होतं. टेबलावर चष्मा होता एकच, तपकिरी.

धाकटी फिरून ताईच्या समोर आली. ताईच्या नाकावर मधाच्या रंगाची चौकट होती. जाड काचांमागं तिचे डोळे मोठे दिसत होते.

"ताई, तो चष्मा काढ."

"आवाज येतोय तुझा," ताई म्हणाली. "पण आहेस कुठं?"

"इथं. तुझ्यासमोर."

ताईनं हात लांब केला असता तर तो धाकटीच्या हनुवटीला लागला असता. ताईनं समोर पाहिलं, नीट पाहिलं, धाकटीच्या चेहऱ्यावर नजर रोखून पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. ती नजर धाकटीतून सरळ पार गेली आणि मागच्या भिंतीवरचा एकेक खिळा बघत राहिली. मग ताईचा चेहरा हळूहळू पडला, फार दिवसांची सवय असल्यासारखा.

"इथं तर कोणीच नाही," ती पुटपुटली.

धाकटीनं दोन्ही हातांनी चष्मा ओढून काढला.

ताईनं डोळे मिचकावले. "अगं बाई! ही काय इथं उभी! केवढं दचकवलंस." मग ती कान चोळत हसली. "डोळ्यांपुढं अंधारीच आली बघ. नंबर वाढला वाटतं. आणि काय गं, तू बांधलेली तार टोचतेय. बघ, कान लाल झाला असेल."

कान खरंच लाल झाला होता.

७

चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावून बघावा, असं धाकटीला वाटलं का? वाटलं. सगळं हातात घेऊन, उलटं-सुलटं करून बघणारी बाई ती. पण तिनं तो लावला नाही. काय बघायचं ते ताईच्या चेहऱ्यावर तिनं बघितलं होतं.

तिनं वरची तार बघितली. उजव्या हाताची. ढिली. टोक बाहेर. हे हात कोणाचे, हे तिला कधीच विचारावं लागायला नको होतं. दोरा ओवता न येणारे हात होते ते. कोणाला हाक मारायची सोय नव्हती, म्हणून खिडकीशी बसून, ओठ चावत, स्वतःची काडी स्वतः बांधणारे. मग तेच टोक कानाला टोचत राहिलं असणार, वर्षानुवर्षं.

स्वतःसाठी तिला भीती वाटली, नाही कशी वाटणार? पण त्या भीतीच्याही वर तिला त्या टोकाचा राग आला. बाकीचं आपल्या हातात असेल नसेल, तार तर आपल्या हातात आहे, असं तिनं ठरवलं, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. जुना चष्मा तिनं खणात ठेवला, खण लावला, फुलं पाण्यात ठेवली.

"ताई, इकडे ये. बस. तार गुंडाळायला शिक."

"मी? डोकं फिरलं का तुझं? माझ्या हातात पक्कड म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

"बस म्हणते ना."

"पण कशाला? तू आहेस की."

धाकटीनं तारेचं भेंडोळं सोडवलं. "आहे. म्हणूनच शिकवतेय."

ताईनं मोडक्या कुंचल्याचा दांडा घेतला आणि कुरकुरत तार गुंडाळली. पहिल्यांदा वेढे जिलबीसारखे पडले. दुसऱ्यांदा तार निसटून चहात गेली. धाकटी हसली, रागावली, पुन्हा सोडवायला लावलं. "घट्ट धर. अंगठा ठेव. शेजारच्याला चिकटव, असं. आता टोक. टोक आत घाल, ताई, टोक बाहेर ठेवायचं नाही. बाकी काही विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस." ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं आणि उतरलं. रोज दुपारी हाच उद्योग चालला, तो आठवडाभर आणि पुढचाही. प्रदर्शनाची फळी तशीच अर्धी राहिली.

मग एका दुपारी ताईनं दांडा तिच्यापुढं धरला. वेढे एकाला एक चिकटून बसले होते. टोक दिसत नव्हतं. धाकटीनं त्यावरून बोट फिरवलं, दोनदा.

"कुठं टोचत नाही," ती म्हणाली.

"मग! मनात आणलं तर काय येत नाही मला?" ताई टेचात उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

धाकटीच्या छातीत आशा उभी राहिली होती, आणि ती लपवायचं तिला कारण नव्हतं. ताई अशी चूक आता करणार नाही. मग खणातल्या चष्म्यावर ती चूक राहील कशी? ती बांधणी पुसली गेली, तर ते घरही पुसलं जाईल, ते खिळे, ती उघडी भिंत. तिनं खण ओढला.

चष्मा होता तिथंच होता, मधाच्या रंगाचा, काचा ओरखडलेल्या. काडीवर तारेचे दोन थर होते. खालचे वेढे डाव्या हाताचे. वरचे उजव्या हाताचे, आणि ते आता एकाला एक घट्ट चिकटून बसले होते. टोक आत वळवून दडवलेलं होतं. कोणाच्याही कानाला ते टोचलं नसतं.

तिनं खण हळूच लावला.

"मुंगे," आतून हाक आली, "आलं घालू का गं? आहेस ना तिथं?"

"आहे," धाकटी मोठ्यानं म्हणाली. "घाल, भरपूर घाल. आहे मी."